कडकबाई आणि पुस्तकातला कार्टा

गल्लीत बराच काळ अशी कुजबुज होती की कडकबाईने कॉलेजचं पुस्तक तापलेल्या इस्त्रीखाली धरून जाळलं. मूळ बातमी एवढीच. पुढे ज्याने त्याने आपल्या पदरचं तिखटमीठ लावलं. डेअरीवाल्याच्या बायकोने त्यात कॉलेजच्या मॅडमना आणून उभं केलं. गोष्ट मेडिकलच्या दुकानापर्यंत पोचली तोवर मॅडमच्या हाताला फोड आले होते. आणि सलूनवाल्याने तर, गिऱ्हाइकाच्या गळ्याशी वस्तरा असताना, शपथेवर सांगितलं की बाईला कॉलेजातून हाकललं, आता ती तोंड लपवून बसलीय. वस्तऱ्याखालचा माणूस काय बोलणार, तोही हो म्हणाला.

'तुम्ही बघितलंत का?' असं कुणी विचारलंच, तर सगळ्यांची बोटं एकाच माणसाकडे वळत. आम्ही नाही, विमावाल्याने बघितलंय. विमावाला म्हणजे गल्लीच्या तोंडाशी ज्याचं टेबल आहे तो एजंट. दिवसभर लोकांच्या मरणावर बोलून पोट भरणारा माणूस, त्यामुळे जिवंत माणसांबद्दल काहीही बोलताना त्याची जीभ कधी अडखळत नसे.

कडकबाईची लाँड्री बापाची. खाली दुकान, मागे धुण्याची मोरी, वर दोन खोल्या, आणि या सगळ्यांत सारखाच भरलेला वाफेचा वास. बारावी झाल्यावर तिला पुढे शिकायचं होतं. बाप म्हणाला, "पुस्तकं वाचून कुणाच्या शर्टाची सुरकुती गेलेली नाही," आणि हातात इस्त्री दिली. त्यालाही आता पंचवीसेक वर्षं झाली. बाप गेला, राग राहिला. कडकबाई हे नाव तिला पडलं ते कॉलरमुळे. ती खळ अशी घालायची की तिच्या हातचा शर्ट चढवला की माणसाला शेजारी बघायचं असलं तरी अख्खं अंग वळवावं लागे. पण खरं सांगायचं तर नाव कॉलरमुळे पडलं आणि स्वभावामुळे टिकलं.

नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. जागा असला की रस्त्यावर, घरी असला की झोपलेला. भांडायला माणूसच हाताशी नाही, तेव्हा रागाचा सगळा साठा गिऱ्हाइकांवर आणि लेकीवर खर्च व्हायचा. लेक सोळा वर्षांची. शाळेतून आली की कपड्यांना चिठ्ठ्या बांधायची, घड्या घालायची आणि आईला उलट उत्तरं द्यायची. दिसायला, बोलायला आईचीच प्रत, फक्त खळ जरा कमी.

मग एकदा कडकबाई संध्याकाळच्या कॉलेजात प्रिन्सिपॉलचा कोट पोचवायला गेली, आणि परत येताना एका वर्गाच्या दारात थबकली. आत पहिल्या बाकावर तिच्याहून मोठी एक नर्स बसली होती, युनिफॉर्मवरच, आणि खाली मान घालून लिहीत होती. कडकबाई बघत राहिली. मग तिला राग आला. हिला कोणी अडवलं नाही, मला का अडवलं? त्या रागाच्या भरातच तिने नाव घातलं. लोक प्रेमाच्या भरात लग्नं करतात, ही रागाच्या भरात बीएला बसली.

पहिल्याच वर्षाला एक कादंबरी लागली होती. सोळा वर्षांचा एक मुलगा स्वतःची हकिकत सांगतो, अशी. बापाचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, घरी खाऊनपिऊन सुखी, आणि हा शाळेला जातो असं सांगून दिवसभर शहरातल्या बसमधून हिंडतो. या टोकापासून त्या टोकापर्यंत. शेजारी बसेल त्याला काहीतरी नवीन थाप मारतो, आणि मनातल्या मनात जगातल्या प्रत्येक माणसाला नावं ठेवतो. लायब्ररीतून आणलेलं ते पुस्तक कडकबाई इस्त्रीच्या टेबलावर, पाणी शिंपडायच्या डब्याला टेकवून उघडं ठेवायची. एक बाही, अर्धं पान. दुसरी बाही, उरलेलं अर्धं. दुपारी गिऱ्हाईक नसतं, तेव्हा वाचन बरं चालायचं. राग त्याहून बरा चालायचा.

"काय झालं गं आई, कोणावर खेकसतेयस?" लेकीने एका दुपारी चिठ्ठ्या बांधता बांधता विचारलं.

"हा कार्टा बघ. बसमधल्या म्हातारीला सांगतोय, माझी आई मेली म्हणून. आणि आई तिकडे ह्याचं ताट झाकून वाट बघत बसलीय."

"मग?"

"मग काय मग? ह्याचे शर्ट कोण धुतं? रोज एक घालतो, रोज एक टाकतो, पुस्तकभर धुण्याचा एक शब्द नाही. आणि वर आई मेली म्हणे."

"गोष्ट आहे ती."

"गोष्टीतली झाली म्हणून काय झालं, आई ती आईच. खोटं बोलणाऱ्या पोराला दोन ठेवून द्यायला हव्यात. वेळेवर दोन बसल्या असत्या तर बसमधून हिंडायला पाय उरले नसते."

"आई, वास येतोय."

वास येतच होता. कार्ट्याच्या नादात इस्त्री एका जागी राहिली होती. खाली विमावाल्याचा पांढरा शर्ट होता, आणि त्याच्या पाठीच्या खालच्या बाजूला, पँटमध्ये खोचतात तिथे, इस्त्रीच्या नाकाचा तपकिरी ठसा उमटला होता. कडकबाईने चोळून पाहिलं, पाण्याचा हात लावून पाहिला. गेला नाही. मग तिने लाँड्रीवाले अशा वेळी करतात तेच केलं. घडी अशी घातली की डाग आत, कॉलर वर, समोर नुसता पांढराशुभ्र चौकोन. ही घडी तिने बापाकडूनच उचलली होती. बाप म्हणायचा, गिऱ्हाईक कॉलर बघतं, शेपूट बघत नाही.

संध्याकाळी विमावाला आला. शर्ट हातात घेऊन कौतुकाने म्हणाला, "वा. कागदासारखा. बाई, तुमच्या हाताला तोड नाही."

"काका," लेक काउंटरच्या आतून म्हणाली, "उलगडून मागची बाजू बघा. करपलाय."

कडकबाईचा हात तिच्या डोक्याच्या आधी चालला. थोबाडीत बसली, चांगली वाजली. विमावाला गडबडून म्हणाला, "राहू द्या, राहू द्या, ते आतच जातं," आणि शर्ट छातीशी धरून निघाला. पण दारात जाईपर्यंत त्याने वळून पाहिलंच. लेकीने हातातली सुई चिठ्ठीत टोचली, चिठ्ठी कपड्यात टोचली, काम पुरं केलं आणि वर निघून गेली.

त्या दिवसापासून तिने आईशी बोलणं टाकलं. जेवायला यायची, जेवायची. कपडे मोजून द्यायची, पण आकडा भिंतीला सांगायची. घरात दोनच माणसं, आणि त्यातलं एक भिंतीशी बोलतंय म्हटल्यावर दुसऱ्याने किती तग धरावा? कडकबाईने आधी आरडाओरडा केला, मग टोमणे मारून पाहिले, मग आवडीचं रांधून पाहिलं. रांधलेलं संपायचं, अबोला संपायचा नाही.

अशा वेळी नणंदेचा फोन आला. नणंद दुसऱ्या शहरात राहायची. तिचं बोलणं एवढं गोड की फोन ठेवल्यावर कान पुसावा लागे.

"वहिनी, पोरगी मला सगळं सांगते हो. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. शेवटी तुमचाही व्याप मोठा. परीक्षा झाली की पाठवून द्या माझ्याकडे. पुढचं इथेच शिकेल. आमच्या घरी आवाज चढवून बोलायची पद्धतच नाही ना, तिला बरं वाटेल."

"पाठवते की," कडकबाई म्हणाली. "माझी तरी कटकट जाईल."

नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो गाडीच्या घरघरीतून म्हणाला, "जाऊ दे ना थोडे दिवस."

"थोडे म्हणजे किती?"

"कॉलेज होईस्तोवर."

"तुमच्या घरात थोडे म्हणजे चार-पाच वर्षं होय?" असं म्हणून तिने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी लेकीने माळ्यावरची बॅग खाली काढली, पुसली आणि आईला दिसेल अशी जिन्यात ठेवली. परीक्षा संपायला फार दिवस उरले नव्हते. कडकबाई येता जाता त्या बॅगेला लाथ मारायची, पण उचलून परत माळ्यावर ठेवायची तिची हिंमत झाली नाही.

हा सगळा राग घेऊन ती वर्गात जाऊन बसली. मॅडम तरुण होत्या, आवाज बारीक, सारख्या थर्मासमधून गरम पाणी पीत. म्हणाल्या, "हा मुलगा आई मेल्याचं का सांगत असेल? कोणाला काय वाटतं?"

कडकबाई उभी राहिली. "लाडावलेला आहे म्हणून. कोणी दोन ठेवून दिल्या नाहीत ना, त्याचा परिणाम."

मागच्या बाकावरचा लिफ्टमन म्हणाला, "काकू, तरीच तुमच्याकडचे कपडे सुतासारखे सरळ असतात." वर्ग हसला. मॅडमही हसल्या. मग त्यांनी पाण्याचा घोट घेतला.

"पण त्याला मारलंय," त्या म्हणाल्या. "पुस्तकातच."

"कुठे? मी सगळं वाचलंय."

"पहिल्या प्रकरणात. वाचू?" आणि त्यांनी वाचलं. पाहुणे आले होते, पडदे नवे होते, आईने माझ्या थोबाडीत मारली, भाजीत मीठ कमी होतं.

वर्गात पानं उलटायला लागली. बहुतेकांच्या नजरेतून ते वाक्य निसटलंच होतं. फक्त पहिल्या बाकावरच्या नर्सने मान हलवली, जणू तिला ते पहिल्यापासून ठाऊक होतं. कडकबाई तशीच उभी. ते वाक्य तिने वाचलं होतं. पडदे लक्षात राहिले होते. भाजीत मीठ कमी होतं हेसुद्धा लक्षात राहिलं होतं, कारण तेव्हा तिला वाटलं होतं की आयतं गिळतोय आणि वर मिठाची खोड काढतोय. मधलं तेवढं डोळ्यांनी ओलांडलं होतं. घरात मूल असलं की थापड असायचीच, त्यात थांबून वाचण्यासारखं काय?

"एवढी मोठी गोष्ट," ती शेवटी म्हणाली, "आणि लेखकाने एका ओळीत उरकली?"

"मोठी आहे ना?" मॅडमनी विचारलं. टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच विचारायचं होतं. पण कडकबाईला वाटलं आपल्याला भर वर्गात कोपऱ्यात गाठलंय. ती धप्पकन खाली बसली आणि तास संपेपर्यंत मॅडमच्या चुरगळलेल्या ओढणीकडे रागाने बघत राहिली.

मग तिने पुस्तक पुन्हा पहिल्यापासून घेतलं. पण आता रागाला एक जागा पुरेना. आधी तो त्या पुस्तकातल्या आईवर गेला. "पडदे नवे होते म्हणून पोराला मारलंस होय गं भवाने?" ती इस्त्री रेटत म्हणायची. मग बापावर. घरात पोराला थोबाडीत बसली आणि हा बाबा डोळ्याला भिंग लावून घड्याळ उघडून बसलाय. मग त्या म्हातारीवर, जी 'आई मेली' ऐकून 'अरेरे' म्हणते आणि पुढच्या स्टॉपला उतरून जाते. बाई गं, कशी मेली ते तरी विचार. एक कोणी विचारलं असतं तर कार्ट्याची थाप तिथेच उघडी पडली असती, आणि मग खरं बाहेर आलं असतं. कार्ट्यावरचा राग गेला होता असं मात्र नाही. अजूनही वाटायचं की याच्या थोबाडीत द्यावी. फक्त दोनवरून ती एकावर आली होती.

खुणेसाठी ती पुस्तकात कपड्याला बांधायची चिठ्ठी ठेवायची. काही दिवसांनी तिच्या ध्यानात आलं की चिठ्ठी आपोआप पुढे सरकतेय. सकाळी कार्टा बसमध्ये असतो, संध्याकाळी डेपोत. उंदीर पानं कुरतडतात, चिठ्ठ्या पुढे नेत नाहीत. घरात वाचणारं दुसरं कोण होतं ते उघड होतं. कडकबाई काही बोलली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच ती काही बोलली नाही, आणि त्याचाही तिला राग आला.

एका सुट्टीच्या दुपारी ती मोरीत गेली तर लेक खळीच्या घमेल्याशेजारी पाटावर बसून वाचत होती. घमेलं काठोकाठ भरलेलं, कॉलर बुडवायला तयार.

"माझं पुस्तक आहे ते," कडकबाई म्हणाली.

लेकीने पान उलटलं. मग इतक्या दिवसांनी तोंड उघडलं. "बेकार आहे."

कडकबाईला वाटलं बोलणं आपल्यासाठी नसून भिंतीसाठी असेल, पण लेक तिच्याकडेच बघत होती. "काय बेकार आहे?"

"हा मुलगा. नुसता हिंडतो आणि रडगाणं गातो."

"रडतो कुठे? अख्ख्या पुस्तकात एकदा रडत नाही तो."

"तेच म्हणते मी. रडत नाही, भांडत नाही, सगळ्या शहराला थापा मारतो, आणि आईसमोर आला की मुका. तोंडावर सांगायचं ना तिला, की तू चुकलीस."

"सांगितलं असतं तर तिने ऐकलं असतं?"

"नसतं ऐकलं."

"मग?"

"मग तरी सांगायचं. घाबरट आहे तो."

"घाबरट नाहीये," कडकबाईचा आवाज चढला. पुस्तकातल्या ज्या कार्ट्याला ती इतके दिवस शिव्या घालत होती, त्याची बाजू घेऊन ती आता कंबर कसून उभी होती. "चार लोकांसमोर मारलंय त्याला. लोकांसमोर मार खाल्ला की माणसाच्या तोंडातून शब्द फुटत नाही. तुला काय कळणार त्यातलं?"

हे बोलून झालं आणि मग तिला ऐकू आलं.

"मला नाही कळणार?" लेक म्हणाली. आवाज मुळीच चढवला नाही. आत्याकडची पद्धत आत्ताच सुरू झाल्यासारखी.

उत्तर नसलं की कडकबाईचे हात पुढे होत. तिने पुस्तक ओढलं. लेकीने सोडलं नाही. आईने जोर लावला, लेकीने उलटा जोर लावला, आईचे हात ओलसर, आणि पुस्तक मधल्यामधे निसटून घमेल्यात गेलं. बुडायच्या आधी क्षणभर उताणं तरंगलं.

दुसरं कोणी असतं तर पुस्तक झटकून पंख्याखाली ठेवलं असतं. पण ही लाँड्रीवाल्यांची जात. ओली वस्तू दिसली की त्यांना एकच उपाय सुचतो. कडकबाईने पुस्तक काढलं, जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून दाबलं, आणि टेबलापाशी जाऊन इस्त्रीचं बटण सुरू केलं.

"आई, पुस्तकाला इस्त्री?"

"मग काय पिळून दोरीवर टाकू? ती मलमल आण. आणि पानं तू धर, माझ्या हाताला जाडीभरडी कापडं माहीत, कागद नाही."

खालून कापड, वरून मलमल, मध्ये पान. लेक एक एक पान सोडवून धरायची, आई इस्त्री फिरवायची. पाणी गेलं, पण खळ कुठे जाणार? प्रत्येक पान सुकलं की कॉलरसारखं ताठ उभं राहायचं. आधी खळबळून घ्यायला हवं होतं हे दोघींच्याही लक्षात आलं तेव्हा चार प्रकरणं कडक झाली होती.

"कार्ट्याला आता कणा आला," लेक म्हणाली. कडकबाईला हसू आलं, तिने ते दाबलं. बराच वेळ नुसती वाफ आणि पानांचा कुरकुर आवाज.

मग लेकीने, पुढचं पान सारखं करत, खाली बघून विचारलं, "मला का मारलंस?"

कडकबाईने इस्त्री पुन्हा पानावर टेकवली.

"तूच म्हणालीस, खोटं बोलणाऱ्याला दोन ठेवून द्यायला हव्यात. त्याच दुपारी म्हणालीस. मी खरं बोलले तर मलाच दिलीस."

"शर्ट मी करपवला होता म्हणून," कडकबाई म्हणाली. "तू केलं असतंस तर नसती मारली. माझं होतं म्हणून मारली."

"आई, इस्त्री."

पान करपलं होतं. कार्टा दोन बसच्या वेळा कशा जुळत नाहीत ते सांगतो, ते पान. फारसं महत्त्वाचं नव्हतं. मधोमध इस्त्रीच्या नाकाचा तपकिरी ठसा, शर्टावर होता तसाच.

"चुकलं माझं," ती इस्त्री बाजूला ठेवत म्हणाली. म्हणाली म्हणजे कुणाच्या तरी अंगावर फेकावं तसं म्हणाली.

"हे इथे नको. विमावाल्या काकांसमोर मारलंस, त्यांच्यासमोर म्हण."

"त्याच्यासमोर? डोकं फिरलंय का तुझं? गावभर करेल तो."

"थापड झालीच ना गावभर. दुसऱ्या दिवशी डेअरीवाली मला विचारत होती, दुखतंय का म्हणून."

"मी नाही म्हणणार."

"नको म्हणूस."

"मग जा तुझ्या आत्याकडे."

"जातेच आहे," लेक म्हणाली, आणि पुढचं पान धरलं. पुस्तक पुरं होईपर्यंत दोघी पुन्हा बोलल्या नाहीत, पण लेक उठूनही गेली नाही.

परीक्षा संपली. बॅग भरली गेली. सकाळच्या बसने निघायचं ठरलं, नणंदेने दोनदा फोन करून स्टॉपचं नाव सांगितलं. आदल्या संध्याकाळी लेक जिन्यात बसून बॅगेची चेन लावत होती. आणि नेमका तेव्हाच विमावाला दोन पँटी घेऊन दुकानात आला.

काउंटरवर ते पुस्तक पडलं होतं. फुगून तिप्पट झालेलं, मिटायला तयार नाही, म्हणून उघडंच ठेवलेलं. वरती करपलेलं पान. विमावाल्याने बघितलं, भुवया वर गेल्या. "अरे वा. अभ्यास अगदी तापलाय की."

कडकबाईने पँटी घेतल्या नाहीत. तिने जिन्याकडे बघितलं, मग विमावाल्याकडे. तिचा चेहरा असा झाला की विमावाला नकळत एक पाऊल मागे सरकला.

"थांबा," ती म्हणाली. "त्या दिवशीचा तुमचा शर्ट मी करपवला होता. घडीत लपवून तुम्हाला दिला. पोरगी खरं बोलली. खरं बोलली म्हणून मी तिला मारलं. ते चुकलं माझं. तिच्यासमोर सांगते, तुमच्यासमोर सांगते." आणि बोलता बोलता तिने पुस्तकावर एवढ्या जोरात हात आपटला की करपलेल्या पानाचा तुकडा उडून विमावाल्याच्या पँटीवर पडला. "ऐकलंत? आता जा आणि सांगा सगळ्यांना. जा."

विमावाला पँटी उचलून जो निघाला तो थेट डेअरीपाशी थांबला. सांगायला तर त्याच्याकडे पुष्कळ होतं. पण शर्टाचं सांगायचं तर इतके दिवस आपण करपलेल्या शर्टात हिंडलो हेही सांगावं लागलं असतं. त्याने पुस्तकाचं सांगितलं.

दुकानात लेक जिन्यातून खाली आली. "माफी अशी मागतात? तो बिचारा थरथरत होता."

"मला येते तशी मागितली."

"आवाज जरा जास्त झाला."

"मारलं तेव्हाही जास्तच होता. हिशोब सरळ झाला."

लेकीने काउंटरवरचा फोन उचलला आणि आत्याला लावला. "आत्या, मी उद्या नाही येत. दिवाळीच्या सुट्टीत येईन, आठवडाभर. नाही, राहायला नाही. नाही गं, कोणी रडवलं नाही मला." पलीकडून बराच वेळ गोड आवाज येत राहिला. फोन ठेवला तेव्हा कडकबाई पँटी नसलेल्या काउंटरवर फडकं मारत होती.

"सुट्टीत तरी कशाला जायचं?" ती म्हणाली. "लग्नसराई नसली म्हणून काय झालं, काम असतंच."

"आई."

"बरं जा."

पुस्तक लायब्ररीत परत द्यायला कडकबाई स्वतः गेली, तिथे मॅडम भेटल्या. मॅडमनी ते हातात घेतलं, टेबलावर ठेवलं, तर ते आपल्या पायावर उभं राहिलं. मॅडमनी बोटाने एक ताठ पान वाजवून पाहिलं. मग म्हणाल्या, "आता तुमचं काय मत झालं या मुलाबद्दल?"

"राग येतो अजून," कडकबाई म्हणाली. "त्याचाही येतो, त्याच्या आईचाही येतो. दोघांना माझ्या दुकानात आणून समोरासमोर उभं करायला हवं. लेखकालाही बोलवा. एका ओळीत उरकतो म्हणजे काय."

मॅडमनी ते परीक्षेत लिहायला सांगितलं. तिने लिहिलं आणि पास झाली. पुढच्या वर्षाच्या वर्गात आता ती दुसऱ्या बाकावर, नर्सच्या मागे बसते.

कडकबाईने पुस्तक जाळलं नव्हतं. मायलेकींच्या ओढाताणीत ते खळीत पडलं, वाळवायला इस्त्री केली, आणि एक पान करपलं. मॅडमना कोणी हात लावला नाही. थोबाडीत बसली होती ती लेकीला.